लक्ष्मीनारायणरावांचा उजवा हात

पैज लागली ती सकाळच्या कॉफीच्या दुसऱ्या पेल्याला, लक्ष्मीनारायणरावांच्या ओट्यावर. आणि लावली अर्थातच सुंदरेशनं. कुंभकोणमच्या त्या गल्लीत आजवर लागलेल्या सगळ्या पैजा त्यानंच लावल्या होत्या. वय सत्तेचाळीस, पितळी भांड्यांचं चांगलं चालणारं दुकान, मुलगी लग्नाला आलेली, पण कोणाची तरी खोडी काढल्याशिवाय ह्या गृहस्थाला जेवण पचत नसे. मागच्याच महिन्यात देवळाच्या हत्तीचा वाढदिवस आहे असं सांगून त्यानं अर्ध्या गल्लीला केळ्यांचे घड घेऊन पळवलं होतं. हत्ती खूश होता. गल्ली अजून धुमसत होती.

"अण्णा, ऐकलंत काय? उत्सवांत यंदा अमेरिकेचा गवई येतो," सुंदरेश पेला खाली ठेवत म्हणाला.

"ऐकलं. महालिंगास वेड लागलं," लक्ष्मीनारायणराव म्हणाले.

महालिंग हा कावेरीकाठच्या संगीत सभेचा सेक्रेटरी. दर वर्षी तै महिन्यात, म्हणजे पौष-माघात, नदीला अजून पाणी असताना, सभा आमराईत मांडव घालून एक दिवसाचा उत्सव करायची. सकाळी सनईसारखं नागस्वरम्, मग गोविंदपुरमची भजनमंडळी, मग जेवण, आणि दुपारी कोणीतरी मोठा गवई. यंदा, म्हणजे सत्तावन्न साली, मद्रासला आलेला एक अमेरिकन गवई तिरुचिरापल्लीला जाता जाता कुंभकोणमला उतरायला तयार झाला होता. नाव जेसी टॉलिव्हर. तो गातो त्या गाण्यांना ब्लूज म्हणतात आणि ती दुःखाची असतात, एवढंच पत्रात लिहिलं होतं.

"दुःखाचीं गाणीं!" रावांनी पेल्यातली कॉफी उंचावरून वाटीत ओतली. "तंबोरा नाहीं, मृदंग नाहीं. एक माणूस गिटार घेऊन रडणार आणि आम्ही उन्हांत बसून पाहणार. दुःखच पाहिजे तर आमच्या घरीं काय कमी आहे?"

"ऐकूं येतं हो मजला," आतून अंबुजाबाईंचा आवाज आला.

रावांनी कॉफी एका घोटात संपवली.

गाण्याबद्दल असं बोलायचा अधिकार रावांना होता. उभी हयात त्यांनी कावेरीच्या कालव्यांची मोजणी केली, पण गाव त्यांना ओळखायचं ते उजव्या हातासाठी. तीस वर्षं ते गुडघ्यापर्यंतचा लांब काळा कोट घालून सभेच्या पहिल्या रांगेत मधोमध बसत आले होते. गाणं सुरू झालं की त्यांचा हात उंच जायचा आणि मांडीवर पडायचा. थाप, मग बोटं, पुन्हा थाप, मग उताणा हात. तो हात बघून मागच्या तीस रांगांचे हात चालायचे. तो हवेत थबकला तर गवयाला घाम फुटायचा. त्यांनी "भले!" म्हटलं की अख्खा मांडव "भले!" म्हणायचा. नवीन गवई बरा की वाईट, हे कुंभकोणमात कोणी कानांनी ठरवतच नसे. रावांच्या हाताकडे बघायचं, झालं.

"म्हणजे त्याच्या गाण्यास तुमचा हात हालणार नाहीं?" सुंदरेशनं साळसूद तोंड करून विचारलं.

"हालणार नाहीं."

"झोपेंत हालतो तुमचा हात, अण्णा."

"मी जात्यावर दळत असतें तर त्या घरघरीस ताल धरितात," आतून पुन्हा आवाज आला.

"तूं गप्प बस गे!" राव तापले. "सुंदरेशा, लाव पैज. त्या माणसाचं पहिलं गाणं सुरू झाल्यापासून शेवटचं संपेतोंवर हा हात हालला, तर मांडवांतल्या पिळ्ळैयारासमोर सर्वांदेखत बारा तोप्पुकरणं घालतों."

तोप्पुकरणं म्हणजे गणपतीसमोर हात उलटसुलट करून दोन्ही कान धरायचे आणि उठाबशा काढायच्या. शाळकरी पोरांना ते रोजचंच. पण त्रेसष्ट वर्षांच्या, काळ्या कोटातल्या माणसानं सगळ्या गावासमोर? सुंदरेशच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आणि हालला नाहीं तर बारा मी घालतों," तो घाईघाईनं म्हणाला.

"बारा तूं घालणारच. वर एक वर्ष खोडी बंद."

"एक वर्ष?" सुंदरेशचा चेहरा उतरला. "अण्णा, संसारी माणूस आहे मी. वर्षभर करूं काय?"

"तें तूं पाहा."

पंच म्हणून समोरच्या नागलक्ष्मीअक्का उभ्या राहिल्या. त्या दारात रांगोळी घालत होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नेहमीच सगळं ऐकत. अक्कांनी मुख्य अडचण लगेच काढली. "हात हालला म्हणून हा सांगणार, नाहीं म्हणून ते सांगणार. साक्ष कोणाची?" मग त्यांनी आपल्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. वाटीत रांगोळीचं तांदळाचं पांढरंशुभ्र पीठ होतं. "अण्णांच्या उजव्या तळव्यास हें पीठ चोळायचं. मांडीवर थाप पडली कीं काळ्या कोटावर पंजा उमटेल. पीठ खोटं बोलत नाहीं."

सुंदरेशनं अक्कांकडे इतक्या आदरानं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

उत्सवाच्या दिवशी सकाळी सात वाजता राव आमराईत हजर झाले आणि त्यांनी एक वेगळंच धोरण आखलं. नागस्वरम् सुरू झाल्यापासून ते असा काही ताल धरू लागले की शेजारच्यांची पानसुपारी उडायला लागली. दोन तास नागस्वरम्, दीड तास भजन. गोविंदपुरमच्या मंडळींनी विठ्ठलाचा गजर वाढवत नेला तशी रावांची थापही वाढत गेली. शेवटी भजनवाल्यांनाच दम लागला, पण राव थांबले नाहीत.

"अहो, हात मोडेल," जेवताना अंबुजाबाई चिंचेचा भात वाढत म्हणाल्या.

"तेंच तर पाहिजे," राव हळूच म्हणाले. "दुपारपर्यंत ह्या हाताचा ताल संपवून टाकितों. मग हालेल कोठून?"

सुंदरेशही तयारीनं आला होता. अमेरिकेचा पाहुणा येणार म्हणून त्यानं गडद निळी पँट शिवून घेतली होती. शिंप्यानं माप नुसतं नजरेनं घेतलं असावं, कारण धोतराच्या आत जो सुंदरेश होता तो पँटमध्ये मावत नव्हता. पहिल्या रांगेत रावांच्या उजव्या हाताला तो मांडी घालून बसला तेव्हा त्याची बायको विजयलक्ष्मी बायकांच्या बाजूनं म्हणाली, "बसलात खरे. उठायचं कसं तें ठरविलंत काय?"

तीन वाजता महालिंग पाहुण्याला घेऊन आला आणि मांडवात कुजबूज झाली. अमेरिकेचा म्हणजे गोरापान साहेब, असं सगळ्यांनी धरलं होतं. हा माणूस चांगला सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा, केस पिकलेला आणि रंगानं चांगला काळाभोर निघाला. व्यासपीठावर चढण्यापूर्वी सगळे चपला काढून ठेवतात हे त्यानं बघितलं, मग वाकून स्वतःचे बूट काढले आणि इतरांच्या चपलांशेजारी नीट जोडीनं लावले.

"अय्यो, हा तर आपलाच माणूस कीं गे!" नागलक्ष्मीअक्का म्हणाल्या आणि पिठाची वाटी घेऊन उठल्या. रावांच्या तळव्याला पीठ चोळून त्यांनी मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हात मांडीपासून वीतभर वर. तळवा उघडा. ढुंगणाखालीं घालायचा नाहीं."

टॉलिव्हर एका साध्या खुर्चीवर बसला. गिटार जुनं होतं. एका बाजूचा रंग मनगट घासून घासून उडालेला. त्यानं डाव्या करंगळीत काचेची एक नळी घातली. बाटलीची मान कापून केलेली दिसत होती. ती नळी त्यानं तारेवरून सरकवली मात्र, रावांचे कान टवकारले. स्वर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवला नव्हता. तो वाटेत कुठेही न तुटता, तेलावरून गेल्यासारखा गेला होता. तंजावरकडे गोट्टुवाद्यम् वाजवतात ते असंच, तारेवरून लाकडाचा ठोकळा सरकवत. पण ते वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके आणि सगळे रावांच्या ओळखीचे. हा कुठल्या गावचा?

"कसं?" सुंदरेश पुटपुटला.

"काय कसं? कांच घासतो आहे," राव म्हणाले. पण त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला होता.

"अक्का! अंगठा!"

"अंगठ्याची पैज नाहीं," अक्कांनी तिथल्या तिथे निकाल दिला.

पहिलं गाणं आगगाडीचं होतं. राव कसोशीनं आंब्याच्या पानांकडे बघत बसले, पण डोकं त्यांचं ऐकेना. ते आपलं मोजत होतं. चार मात्रांचं एक घर, अशी बारा घरं. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. म्हणजे आठ मात्रांच्या आदितालाची सहा आवर्तनं, एकही मात्रा इकडेतिकडे नाही! पहिली ओळ दोन आवर्तनांत. मग तीच ओळ पुन्हा, पण खालचे सूर बदललेले, जणू तिचीच संगती, तीच ओळ नव्या वळणानं. मग तिसरी ओळ, पहिल्या दोघींना उत्तर देणारी, आणि बरोबर बाराव्या घरात माणूस आपल्या दारात परत. ह्याला कोणी शिकवलं? आणि तो गांधार! रावांना दोन गांधार माहीत होते, एक खालचा, एक वरचा. हा माणूस त्या दोघांच्या मधे कुठेतरी उभा राहून गात होता आणि सूर चुकलेला नव्हता. उलट त्या जागेपासून जरा हलला असता तरच चुकला असता.

रावांचा पिठाळ हात मात्र वीतभर उंचीवर तसाच होता.

गाणं संपलं. कोणी टाळी वाजवली नाही.

लोकांना आवडलं नव्हतं असं नाही. पण मागच्या तीस रांगांना हे गाणं नवीन होतं, आणि नवीन गाण्याचं काय करायचं हे त्यांना एकाच प्रकारे ठाऊक होतं. तीसही रांगांनी माना उंचावून रावांचा हात शोधला. हात वर गेला नाही. मग तीसही रांगा हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिल्या. मांडवात हजारभर माणसं आणि आवाज फक्त एका कावळ्याचा.

टॉलिव्हरनं कपाळ पुसलं, हसला, आणि दुसरं गाणं सुरू केलं.

दुसरं गाणं पुराचं होतं. इंग्रजी रावांना कळत होतं, आणि पूर तर त्याहून चांगला कळत होता. त्यांनी तीस वर्षं पुराच्या खुणेच्या खांबाशी उभं राहून पाण्याची उंची लिहिली होती. 'नदी आली पायरीशी, आई, दिवा उचलून घे,' असं तो माणूस गात होता. मग तेच पुन्हा, पण ह्या खेपेला काचेची नळी त्या 'आई'वरून इतकी हळू खाली आली की बायकांच्या बाजूला अंबुजाबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मग उत्तराची ओळ: 'नदीला ठाऊक नाही, आई, घर कोणाचं ते.' रावांनी डोळे मिटले. कोळ्ळिडम नदीच्या काठावरची एक रात्र, अर्धा बुडालेला गोठा आणि छपरावर बसलेली एक म्हातारी त्यांना दिसायला लागली. पैज, पीठ, अक्का, कुठल्या कुठे गेलं.

सुंदरेशचेही डोळे मिटले होते. रावांवर नजर ठेवायची म्हणून तो खास शेजारी बसला होता, पण पहिल्या ओळीनंतर त्याला कसलंही भान नव्हतं. त्या पँटमध्ये तासभर मांडी घालून बसल्यामुळे कमरेखालचं शरीर आपलं आहे की दुसऱ्याचं, हेही त्याला समजत नव्हतं.

गाणं संपलं. पुन्हा तेच. हजार माणसं, माना उंच, हात मांडीवर. दोघंतिघं नाक ओढत होते, तेवढंच.

टॉलिव्हरनं महालिंगला खूण करून जवळ बोलावलं, हळू आवाजात काहीतरी सांगितलं, आणि करंगळीतली नळी काढून रुमालात गुंडाळायला लागला.

महालिंग व्यासपीठावरून उतरून वाकत वाकत पहिल्या रांगेत आला. तो रडायच्या बेतात होता. "अण्णा, तो थांबतो म्हणतो! म्हणतो, लोकांस उगीच त्रास नको. म्हणतो, रिकाम्या जागांत पुष्कळ गायलों, पण इतक्या भरलेल्या जागेंत असं रिकामं कधीं वाटलं नाहीं. अण्णा, एकदां हात हालवा हो! तुम्ही हालविल्याशिवाय कोण हालवणार?"

रावांचा चेहरा पडला. आपल्या हाताचा परिणाम त्यांच्या आत्ता ध्यानात आला. पण त्यांनी सुंदरेशच्या तोंडाकडे पाहिलं. "पैज आहे, महालिंगा," ते कसंबसं म्हणाले.

सुंदरेशनं आयुष्यात पुष्कळ खोड्या केल्या होत्या. कोणी चिडायचं, कोणी हसायचं, संध्याकाळपर्यंत सगळं विसरलं जायचं. पण खुर्चीवर बसलेला तो पिकल्या केसांचा माणूस काचेची एक नळी जपून रुमालात गुंडाळत होता आणि कोणावर चिडलेलाही नव्हता. त्याला वाटत होतं आपणच कमी पडलो. सुंदरेश रावांकडे वळला.

"अण्णा," तो म्हणाला, "मी हरलों."

"काय?"

"हरलों म्हणून सांगतों ना! बारा तोप्पुकरणं मी घालतों. एक वर्ष खोडी बंद, दोन वर्षं बंद! पैज गेली कावेरींत. आतां हात उचला, त्या माणसाकडे पाहा, आणि काय म्हणायचं तें म्हणा."

सुंदरेश खोडी सोडतो आहे, हे ऐकून पहिल्या रांगेतल्या तीन माणसांनी एकमेकांना चिमटे काढून पाहिले. राव गहिवरून त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं नागलक्ष्मीअक्का ताडकन उभ्या राहिल्या.

"थांबा! कोणी हालूं नका! सुंदरेशा, ती तुझी मांडी पाहा!"

सुंदरेशनं खाली पाहिलं. त्याच्या नव्या कोऱ्या गडद निळ्या पँटवर, डाव्या मांडीवर, पांढरे पंजे उमटले होते. एक नव्हे, एकावर एक, एकाशेजारी एक. मधे बोटांची टोकं, मग पुन्हा पंजा, मग उताण्या हाताचा पुसट ठसा. आदितालाचा अख्खा नकाशाच.

रावांचा काळा कोट स्वच्छ होता.

"अय्यो रामा," राव म्हणाले. त्यांनी तळवा पाहिला. पीठ निम्मं उडालं होतं. स्वतःच्या मांडीवर जायला बंदी होती म्हणून तो हात, मालकाला न विचारता, मागच्या रांगांना दिसणार नाही इतक्या खालून शेजारी गेला होता.

"तुला कळलं नाहीं?" महालिंगनं विचारलं.

"मांडी बधिर आहे!" सुंदरेश ओरडला. "आणि मी गाणं ऐकत होतों!"

"कोटावर ठसा नाहीं," मागून कोणीतरी कायदा काढला. "पैज कोटाची होती. अण्णा जिंकले."

"होय, होय, कोट कोरा आहे!" दुसऱ्यानं री ओढली. मांडवात वाद पेटला. पाचव्या रांगेत दोन वकील होते, त्यांनी तर उभं राहून बाजू वाटून घेतल्या. व्यासपीठावर टॉलिव्हर नळी गुंडाळायची थांबून हे बघत होता. आपल्या गाण्यानं ही माणसं आता भांडायला लागली, असा त्याचा समज झालेला स्पष्ट दिसत होता.

राव उठले. त्यांनी पिठाळ हात वर केला. तीस वर्षांची सवय, अख्खा मांडव गप्प झाला.

"हात माझा आहे," ते म्हणाले. "आणि तो हालला. कोट कोरा आहे म्हणून मी जिंकलों असं म्हणूं? म्हणजे काय, ह्या माणसाचं पुराचं गाणं ऐकून लक्ष्मीनारायण दगडासारखा बसला होता असं म्हणूं? गवयासमोर खोटं बोलणार नाहीं मी. हरलों. आणि हरलों तें बरं झालं."

व्यासपीठाच्या कोपऱ्यात, दर उत्सवात असतो तसा, हळदीचा छोटा पिळ्ळैयार मांडला होता. राव त्याच्यासमोर गेले. डाव्या हातानं उजवा कान धरला, उजव्या पिठाळ हातानं डावा, आणि खाली बसले. उठले.

"एक," अक्का मोजायला लागल्या.

पण राव ते राव. त्यांना नुसतं उठबस करणं जमेना. खाली जाताना दोन मात्रा, वर येताना दोन मात्रा, अगदी घड्याळाच्या काट्यासारखं. कान पांढरा झालेला, काळ्या कोटाची टोकं जमिनीला टेकून पुन्हा वर येताहेत, आणि चेहरा असा की समोर फार मोठी मैफल चालली आहे.

टॉलिव्हर खुर्चीत पुढे सरकून बघत होता. काय चाललं आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण ताल कुठे दिसला तर तो ओळखायला त्याला कोणाची गरज नव्हती. दुसऱ्या उठाबशीला त्याचा पाय हलायला लागला. तिसरीला त्यानं रुमाल सोडला. चौथीला नळी करंगळीत गेली. आणि पाचव्या उठाबशीला, राव खाली टेकले नेमक्या त्या क्षणी, गिटारची जाड तार खणखणली, थेट पाचव्या घरापासून; पहिली चार रावांनी भरलीच होती.

आतापर्यंत हजार माणसं ज्याची वाट बघत होती ते त्यांना मिळालं. हात नाही तर नाही, पण अख्खे राव वरखाली होत होते! पहिल्या रांगेनं थाप मारली, मग दुसरीनं, मग तिसांनी. भजनमंडळींच्या हातात टाळ होतेच. नागस्वरम्‌च्या ताफ्यातला तविलवाला झाडाखाली आडवा झाला होता, तो उठून तविलाचा ढोल गळ्यात अडकवून धावत आला. टॉलिव्हरनं डोकं मागे टाकलं आणि असा काही आवाज काढला की कावळा आमराई सोडून गेला.

"भले!" राव सातव्या उठाबशीला खालूनच ओरडले.

"भले!" मांडव गरजला.

टॉलिव्हरला तो शब्द कळला नाही, पण पोचला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. बाराव्या उठाबशीला राव वर आले आणि गाणं बरोबर बाराव्या घरात, आपल्या दारात येऊन टेकलं.

"बारा! फिटली पैज!" अक्का म्हणाल्या.

राव कान सोडणार, इतक्यात टॉलिव्हरनं त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि दुसरं कडवं सुरू केलं.

आता आली का पंचाईत! आवर्तन सुरू झालेलं असताना ताल सोडून द्यायचा, हे राव मेले असते तरी त्यांच्याकडून झालं नसतं. ते पुन्हा खाली बसले. तेरा. चौदा. अठराला त्यांचा श्वास शिट्टी वाजवायला लागला. बाविसाला अंबुजाबाई उभ्या राहिल्या. "अहो, गुडघे! सुंदरेशा, तूं काय पाहत बसलास? पैज कोणी लावली होती?"

"मी तर जिंकलों, मन्नी!" सुंदरेश अंबुजावहिनींना म्हणाला.

"जिंकलात ना? मग उठा," विजयलक्ष्मी म्हणाली. "मघां तर हरलों हरलों म्हणून बारा कबूल केलेत. सर्वांनीं ऐकलं."

सुंदरेशनं आजूबाजूला पाहिलं. सर्वांनी खरंच ऐकलं होतं. त्यात हत्तीला केळी चारून आलेली अर्धी गल्ली होती. त्या गल्लीनंच त्याला काखेत धरून उभं केलं आणि अगदी प्रेमानं पिळ्ळैयारासमोर नेऊन सोडलं. चोविसाव्याला राव बाजूला झाले आणि पंचविसाव्याला, एकही मात्रा न चुकता, सुंदरेश कान धरून खाली बसला. पँटची शिवण मोठ्यानं उसवली. सुदैवानं ती नेमकी समेवर उसवली.

राव धापा टाकत व्यासपीठाच्या कडेवर बसले, अगदी टॉलिव्हरच्या पायाशी, आणि त्यांनी पिठाळ हात आता मोकळेपणानं स्वतःच्या मांडीवर मारायला सुरुवात केली. काळा कोट बघता बघता पांढरा होत गेला. टॉलिव्हर वाकून त्यांना काहीतरी बोलला. राव मान डोलावून हसले.

"काय म्हणतो?" सुंदरेशनं आपल्या बाराव्याला वर येता येता विचारलं. "संपलं ना?"

"म्हणतो, आत्तां कोठें गळा तापला."

"अण्णा, ह्या माणसास दुःखं तरी आहेत किती?"

"मोठा माणूस आहे," राव आदरानं म्हणाले. "ताल सोडूं नको. बस खालीं."